समुद्र ओलांडल्यानंतर : गुलामीतून सुटलेल्यांवरचा खटला

मुहर्रम आला की घराघरांत आशुराच्या रोजाची बात निघते आणि ओघानेच हजरत मूसा (अलै.) व फिरऔनचा किस्सा निघतो. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी या दिवशी रोजा ठेवत होते. कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की याच दिवशी अल्लाहने मूसांना आणि बनी इस्राईलला फिरऔनच्या तावडीतून सोडवलं. त्यावर, मूसांशी आमचं नातं अधिक जवळचं आहे असं सांगून प्रेषितांनी (स.) स्वतः रोजा ठेवला आणि लोकांनाही ठेवायला सांगितलं. सही बुखारीतली ही हदीस बहुतेकांना ठाऊक असते.

यंदा आम्ही वर्गात हाच किस्सा सांगितला. समुद्र दुभंगला, बनी इस्राईल पार झाले, फिरऔन लष्करासह बुडाला. पोरं खूश. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मग पलीकडे गेल्यावर त्यांनी स्वतः गुलाम ठेवले का?"

घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आपण किस्सा नेहमी समुद्राच्या काठावर संपवतो. पुढे काय झालं ते विचारायची आपल्याला सवयच नाही. त्या मुलीसाठी म्हणून पुन्हा वाचायला बसलो, आणि जे सापडलं ते इथे मांडत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तौरात अल्लाहने मूसांवर (अलै.) उतरवली यावर आपला ईमान आहे. आज यहुदी आणि ख्रिस्ती बांधवांच्या हातात जे ग्रंथ आहेत त्यांत बदल झाले, असंही आपण मानतो. कुरआनशी जे जुळतं ते आपण मान्य करतो, बाकीचं एका कौमच्या जुन्या दस्तऐवजासारखं अदबीने वाचतो. या लेखात आम्ही त्याच रीतीने ते ग्रंथ उघडले आहेत.

तौरातमध्ये गुलामीची सुरुवात होते ती भीतीने. हजरत यूसुफ (अलै.) यांना न ओळखणारा नवा बादशाह गादीवर येतो. ही परकी माणसं संख्येने वाढली, उद्या दुश्मनाला सामील होतील, असं त्याच्या मनात येतं. मग वेठ सुरू होते. पिथोम आणि रामसेस या दोन कोठारांच्या शहरांचं बांधकाम त्यांच्याकडून करून घेतलं जातं. त्यानेही संख्या घटत नाही तेव्हा जन्माला येणारी मुलं मारायचा हुकूम निघतो. कुरआननेही हा जुलूम सांगितला आहे : मुलगे कापायचे, मुली जिवंत ठेवायच्या.

इथे एक बारीक गोष्ट बघा. तौरात या बादशाहचं नाव सांगत नाही, कुरआनही सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर "हाच तो फिरऔन" म्हणून ममीचे फोटो फिरतात, पण दोन्ही ग्रंथांनी त्याचं नाव नोंदवण्याची गरज मानलेली नाही. उलट मुलं मारायचा हुकूम ज्या दोन सुइणींनी पाळला नाही त्यांची नावं मात्र तौरातने जपून ठेवली आहेत : शिफ्रा आणि पूआ. बादशाह बेनाम आणि सुइणींची नावं कायम.

विटांचा प्रसंग तर मुलांना जरूर सांगावा. मूसा (अलै.) पहिल्यांदा दरबारात जातात तेव्हा तौरातनुसार मागणी साधी असते : तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन इबादत करू द्या. फिरऔन म्हणतो, ही माणसं आळशी झाली आहेत, म्हणून त्यांना इबादत सुचते. आणि शिक्षा काय देतो? विटांच्या मातीत मिसळायला जो पेंढा सरकारातून मिळायचा तो बंद. पेंढा तुम्हीच रानोमाळ फिरून गोळा करा, पण रोजच्या विटांचा आकडा तोच राहील. आकडा भरला नाही की मुकादमांच्या पाठीवर फटके. हे मुकादमही बनी इस्राईलचेच. ते बिचारे फिरऔनवर चिडण्याऐवजी मूसांवर चिडतात, की तुमच्यामुळेच आमचे हाल वाढले. ज्याने कधी कोणाच्या हाताखाली काम केलं आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

सूरह शुअरामधला संवाद याच्या जोडीला ठेवून वाचावा. फिरऔन मूसांना (अलै.) उपकार ऐकवतो : लहानपणी आम्हीच तुला वाढवलं ना? मूसांचं उत्तर असं की, ज्या उपकाराचा टेंभा तू मिरवतोस त्याचं मूळ हेच की तू बनी इस्राईलला गुलाम करून ठेवलंस. एका पोराला महालात वाढवलं म्हणून सगळ्या कौमच्या मानेवरचं जू माफ होत नाही. मालक लोक उपकाराची भाषा किती सहज बोलतात, आणि त्या भाषेला पैगंबराने किती थोडक्यात उत्तर दिलं, हे आम्हाला दरवेळी थक्क करतं.

मग येतो ईश्वरी निवाडा. तौरातमध्ये दहा आपत्ती आहेत : नाईलचं पाणी रक्त होणं, बेडूक, उवा, माशा, गुरांची मरी, फोड, गारा, टोळ, अंधार आणि शेवटी पहिल्या मुलांचा मृत्यू. कुरआनमध्ये सूरह आराफमध्ये दुष्काळाचा उल्लेख येतो आणि तुफान, टोळ, उवा, बेडूक, रक्त यांची नावं येतात. सूरह बनी इस्राईलमध्ये एकूण नऊ निशाण्या सांगितल्या आहेत. पहिल्या मुलांच्या मृत्यूचा प्रसंग कुरआनमध्ये नाही.

या आपत्तींची बांधणी कोर्टाच्या तारखांसारखी आहे. बहुतेक वेळा समज दिली जाते, मुदत मिळते. संकट आलं की फिरऔन कबूल करतो, टळलं की फिरतो. सूरह आराफमध्येही हेच : संकट हटताच वचन मोडलं. तौरातमध्ये सुरुवातीला फिरऔन स्वतःच आपलं मन कठोर करतो आणि पुढे जाऊन अल्लाह ते कठोर करतो असं येतं. यावर लोक अडखळतात. मन अल्लाहनेच कठोर केलं तर फिरऔनचा दोष काय? आमची समजूत अशी की माणूस पुन्हा पुन्हा एकच नकार देत राहिला की तो नकारच त्याची शिक्षा होऊन बसतो. वचन देणं आणि मोडणं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती परत येणार आहे.

पहिल्या मुलांचा प्रसंग मात्र पचायला जड आहे, तो गिळून टाकू नये. तौरात सांगते की तख्तावरच्या फिरऔनचा मुलगा गेला तसा जात्यामागे बसलेल्या दासीचाही गेला, अंधारकोठडीतल्या कैद्याचाही गेला. त्या दासीने काय केलं होतं? हा सवाल यहुद्यांनाही पडलेला दिसतो. पेसाह या सणाच्या रात्री ते घरात बसून मिसरमधून सुटकेची कहाणी वाचतात, तेव्हा एकेका आपत्तीचं नाव घेताना प्याल्यातून एकेक थेंब काढून टाकतात. दुसऱ्याच्या मरणावर आपला प्याला पूर्ण भरलेला नसावा, असा त्याचा अर्थ त्यांच्यात सांगितला जातो. त्यांच्या तलमूद या ग्रंथातही अशी कथा आहे की मिसरी बुडत असताना फरिश्ते गाऊ लागले तेव्हा अल्लाहने त्यांना थांबवलं, कारण बुडणारेही त्याचीच मखलूक होते.

ही कहाणी मराठीतही वाचली गेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. आपल्या कोकणातले बेने इस्राईल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, ते पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले. पेण, रोहे, अलिबाग या भागात ते आपल्या पूर्वजांचे शेजारी होते. पेसाहच्या रात्री वाचायचं हग्गादा नावाचं पुस्तक इब्रानी मजकुरासोबत मराठी भाषांतर देऊन पुण्यात १८७४ साली छापलं गेलं. त्यातल्या चित्रात बिनखमिराची रोटी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणं हे सुद्धा याच कहाणीशी जोडलेलं आहे : तौरातच्या पाचव्या पुस्तकात सब्तच्या सुट्टीचं कारण असं दिलं आहे की तुम्ही मिसरमध्ये गुलाम होता हे आठवा, म्हणून त्या दिवशी तुमच्या दास-दासींनाही आराम मिळाला पाहिजे.

आता नववीतल्या मुलीच्या सवालाकडे. समुद्रापलीकडे गेल्यावर त्यांनी गुलाम ठेवले का?

होय, ठेवले.

त्या काळी शेजारपाजारच्या सगळ्याच मुलकांत गुलामी होती आणि तिचा मोठा दरवाजा कर्ज हा होता. दुष्काळ पडला, धान्य उसनं घेतलं, फेडता आलं नाही, की आधी जमीन जायची, मग पोरं, मग माणूस स्वतः. तौरातने हा दरवाजा बंद केला नाही, पण त्याला मुदत घातली. इब्रानी गुलाम सहा वर्षं राबेल, सातव्या वर्षी तो फुकट मोकळा होईल. पाचव्या पुस्तकात त्यात भर आहे : त्याला रिकाम्या हाताने घालवू नका, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षाच्या घाण्यातलं त्याला द्या. कारण तेच, तुम्हीही मिसरमध्ये गुलाम होता. हे कलम फार शहाणपणाचं आहे. हातात काहीच नसताना सुटलेला माणूस पुढच्या दुष्काळात परत त्याच दारात उभा राहतो.

आणखीही आहे. मालकाने मारून डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्या बदल्यात गुलाम आझाद. माणूस पळवून विकणाऱ्याला मृत्युदंड. आणि मालकाकडून पळून आलेला गुलाम परत द्यायचा नाही, त्याला हवं तिथे राहू द्यायचं. या शेवटच्या कलमाची किंमत कळायला बाबिलच्या बादशाह हम्मुराबीचा कायदा शेजारी ठेवावा. इ.स.पूर्व अठराव्या शतकातल्या त्या कायद्यात पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड आहे. पण इमानदारीने हेही सांगायला हवं की त्याच हम्मुराबीने कर्जापायी दिलेल्या बायकामुलांना तीन वर्षं राबवून चौथ्या वर्षी सोडायला सांगितलं आहे, म्हणजे तौरातपेक्षा कमी मुदत. आणि तौरातच्या तिसऱ्या पुस्तकात परक्या कौमच्या गुलामांना कायमचं ठेवण्याची, मुलांना वारशात देण्याची परवानगी लिहिलेली आहे. सातव्या वर्षाची सुटका आपल्यांसाठी होती. हे झाकून ठेवलं तर मुलगी उद्या स्वतः वाचेल आणि आमच्यावरचा तिचा विश्वास उडेल.

त्याच पुस्तकात दर पन्नासाव्या वर्षी मुलकात आझादीची मुनादी करायला सांगितली आहे. त्यासाठी इब्रानी शब्द आहे 'दरोर', म्हणजे मोकळीक, सुटका. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध लिबर्टी बेलवर हीच ओळ कोरलेली आहे. हा शब्दही ध्यानात ठेवा.

कागदावर कायदा होता. पाळला गेला का? याचं उत्तर यिर्मया नबींच्या पुस्तकात, चौतिसाव्या अध्यायात आहे. कुरआनमध्ये त्यांचं नाव नाही, मात्र आपल्या जुन्या तफसीरांत त्यांचा जिक्र अरमिया या नावाने येतो.

साल साधारण इ.स.पू. ५८८. बाबिलचा बादशाह नबुखद्नेस्सर, ज्याला उर्दूत आपण बुख्त नस्सर म्हणतो, त्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. आत बादशाह सिद्कीया. शहरात उपासमार. अशा वेळी सिद्कीयाला आणि सरदारांना एकदम तौरातचा कायदा आठवतो. ते ठरवतात की आपले सगळे इब्रानी दास-दासी मोकळे करायचे. का ठरवलं ते पुस्तक सांगत नाही. अल्लाह राजी व्हावा म्हणून असेल, तटावर लढायला माणसं हवीत म्हणून असेल, खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणूनही असेल. पण करार अगदी पक्का केला. इबादतगाहात, अल्लाहसमोर. एक वासरू कापून दोन भाग केले आणि त्या दोन भागांमधून सरदार, दरबारी, धर्मगुरू सगळे चालत गेले. या रिवाजाचा मतलब असा की वचन मोडलं तर आमचीही गत या वासरासारखी होवो.

गुलाम सुटले. आणि मग बाहेर चमत्कार झाल्यासारखं झालं. मिसरचं लष्कर मदतीला निघाल्याची खबर आली आणि बाबिलच्या फौजेने वेढा उठवला. गंमत बघा, मदतीला येत होतं ते फिरऔनचं लष्कर!

शहराने श्वास घेतला. आणि मालकांनी काय केलं? ज्यांना मोकळं केलं होतं त्या सगळ्यांना परत धरून आणलं आणि पुन्हा गुलाम केलं.

हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. संकट असताना कबूल करणं आणि संकट टळताच फिरणं, हे कोणाचं वागणं होतं? मिसरमध्ये पुन्हा पुन्हा हेच झालं होतं. फक्त तेव्हा फिरणारा फिरऔन होता आणि आता फिरणारी त्याच्या तावडीतून सुटलेल्यांची औलाद.

यिर्मयांनी जो निवाडा सुनावला त्यात 'दरोर' हाच शब्द उलटा करून वापरला आहे. तुम्ही तुमच्या भावांना आझादी दिली नाही, तर आता मी तुमच्यासाठी आझादीची मुनादी करतो : तलवार, रोगराई आणि दुष्काळ यांना तुमच्यावर मोकळं सोडतो, अशा आशयाचं ते बोलणं आहे. आणि पुढे असं की, तुम्ही जसे गुलाम परत आणलेत तसं मी निघून गेलेलं लष्कर परत आणीन. शिक्षा गुन्ह्याच्याच मापाने कापलेली. वासराच्या दोन भागांमधून चाललेल्यांची आठवणही निवाड्यात नेमकी काढली आहे.

लष्कर परत आलं. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये शहर पडलं, इबादतगाह जाळली गेली. सिद्कीया पळताना पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि साखळदंड घालून बाबिलला नेलं. सूरह बनी इस्राईलच्या सुरुवातीला या कौमच्या दोन फसादांचा आणि घराघरांत घुसलेल्या बलाढ्य बंद्यांचा उल्लेख आहे. अनेक मुफस्सिरांनी त्यातली पहिली शिक्षा बुख्त नस्सरशी जोडली आहे.

यिर्मयांच्या त्याच अध्यायात एक ओझरता तपशील आहे : त्या वेळी तटबंदीची शहरं दोनच उरली होती, लाखीश आणि अजेका. १९३५ साली ब्रिटिश उत्खननकार जेम्स लेस्ली स्टार्की यांना लाखीशच्या वेशीपाशी जळक्या थरात शाईने लिहिलेली खापरं सापडली. लष्करी चौकीवरच्या चिठ्ठ्याच त्या. एकीत लिहिणारा कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांकडे नजर लावून आहोत, कारण अजेका दिसत नाही. दुसऱ्या एकीत सेनापती मिसरकडे गेल्याची खबर आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती घाई आजही वाचता येते.

आता एका मोहापासून सावध राहायला हवं. हे सगळं वाचून "बघा, ही कौमच अशी" म्हणणं फार सोपं आहे, आणि आजच्या जगातल्या बातम्या बघता काही जणांना ते म्हणावंसंही वाटेल. पण हा खटला त्यांच्याविरुद्ध कोणी बाहेरच्याने भरलेला नाही. त्यांच्याच नबीने भरला, आणि त्यांनीच तो आपल्या मुकद्दस किताबात हजारो वर्षं जपला. आपल्या इतिहासाची अशी पानं आपण मुलांना किती दाखवतो? गुलाम आझाद करणं कुरआनने अवघड चढण चढण्यासारखं थोर काम ठरवलं, जकातीत त्यासाठी वाटा ठेवला, कितीतरी चुकांचा कफ्फारा म्हणून ते सांगितलं. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना विकत घेऊन मोकळं केलं हे आपण अभिमानाने सांगतो. पण अब्बासी खिलाफतीत बसराजवळच्या खारवट दलदलीत पूर्व आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम राबत होते आणि इ.स. ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षं त्यांचं बंड चाललं, हे आमच्या डीएड-बीएडच्या पुस्तकांत नव्हतं आणि घरातही कोणी सांगितलं नव्हतं.

आणि विटांचं म्हणाल तर, ठाणे-पालघरकडच्या वीटभट्ट्यांवर पावसाळ्यानंतर कातकरी कुटुंबं येतात, ती आगाऊ घेतलेली उचल फेडायला. वेठबिगारी आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने बंद झाली. बुखारीत एक हदीसे कुदसी आहे की कयामतच्या दिवशी अल्लाह तीन माणसांविरुद्ध स्वतः उभा राहील, आणि त्यांत एक आझाद माणसाला विकून त्याची किंमत खाणारा आणि एक मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणारा आहे. दोघांना एकाच रांगेत उभं केलं आहे.

त्या मुलीला हे सगळं सांगून झालं तेव्हा तिने दुसरा सवाल केला : मग त्या परत धरून आणलेल्या गुलामांचं काय झालं?

पुस्तक थेट सांगत नाही. एवढं आहे की शहर पडल्यावर बाबिलच्या सरदाराने बड्या लोकांना कैद करून नेलं, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा काही गरिबांना तिथेच ठेवून द्राक्षमळे आणि शेतं दिली. त्यांत ते असतील, कदाचित.

आणि एकाची कहाणी मात्र आहे. वेढ्याच्या काळात सरदारांनी यिर्मयांना चिखलाने भरलेल्या हौदात सोडलं होतं, मरायला. त्यांच्यासाठी बादशाहकडे गेला तो महालातला एक हबशी सेवक. त्याचं नाव पुस्तकात एबद-मलेख असं येतं. इब्रानीतला 'एबेद' म्हणजे आपला 'अब्द', आणि 'मलेख' म्हणजे 'मलिक'. बादशाहचा गुलाम, एवढाच त्या नावाचा अर्थ. बादशाहकडून परवानगी आणि माणसं घेऊन तो आला. दोराबरोबर त्याने कोठारातल्या जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि वरून सांगितलं की या काखेत ठेवा, म्हणजे दोर काचणार नाही. शहर पडायच्या आधी यिर्मयांना त्याच्यासाठी निरोप मिळाला होता की तू वाचशील.

मुलीने चिंध्यांची गोष्ट वहीत लिहून घेतली.